मुसळाखालचा हात

मी एक जुने उखळ आहे. बुटके, जाड बुडाचे, परातीसारख्या रुंद तोंडाचे. मित्रांनो, माझी गोष्ट खरे तर झाडापासून सुरू व्हायला हवी. पण सांगायला बसलो की मला सगळ्यात आधी आठवते ते एक पत्र, ज्याला अदोमाको मास्तरांनी उत्तरच दिले नव्हते. आठवणारच, कारण ते त्यांनी माझ्याखाली दडवले होते.

काम झाले की मला धुऊन परसात उपडे ठेवत. उपड्या उखळाचे पोट म्हणजे एक अंधारी खोलीच. त्या खोलीत ते पत्र आणि मी असे दोघे राहत होतो. मला वाचता येत नाही. पण मास्तर रोज दुपारी येत, मला जरासे कलते करून पत्र काढत आणि पुटपुटत वाचत. त्यामुळे ते मला पाठ झाले. त्यांचा मुलगा न्यार्को राजधानीतून, अक्राहून, लिहीत होता:

"पापा, यंदा नाताळला तुम्ही दोघे इकडे या. मी मोठ्या हॉटेलात जेवण ठरवले आहे. आदल्या दिवशी गाडी पाठवतो. मामेचे आता मुसळ धरायचे वय राहिलेले नाही. बाजारात फुफूची भुकटी मिळते, गरम पाण्यात ढवळली की झाले. ते जुने उखळ आता चुलीत घाला."

मामे म्हणजे त्याची आई, सेरवा. 'चुलीत' या शब्दापाशी मास्तरांचा आवाज एकदम खाली जाई. मग ते पत्र पुन्हा माझ्याखाली सरकवून निघून जात. मित्रांनो, ज्याला जाळायचे त्याच्याच पोटाखाली हुकूम लपवायचा! मला राग यायला हवा होता. पण मास्तरांचा राग धरणे मला कधी जमले नाही.

मी मूळचे एसाचे झाड. एसाचे लाकूड असे कठीण की कुऱ्हाडही दोनदा विचार करते. कोरणाऱ्याने मला बुंध्यातून कोरले, आतून आगीने शेकले, घासले आणि बाजारात मांडले. तिथे सेरवा आली. तेव्हा ती मास्तरांची नवी नवरी होती. तिने पाच-सहा उखळांवर मुठीने ठोकून पाहिले. माझ्यावर ठोकले आणि म्हणाली, "हे घेते. हे फुटणारं नाही." त्या एका वाक्यावर मी आजवर उभा आहे.

आमच्याकडची रीत अशी की नवऱ्याने उभे राहून मुसळ मारायचे आणि बायकोने बसून गोळा फिरवायचा. शिजवलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी माझ्या पोटात टाकायची. मुसळ वर गेले की हात आत घालायचा, गोळा दुमडायचा, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. कुटून होणारा हा चिकट गोळा म्हणजे फुफू, आणि तो असा दोघांचाच असतो. एकट्याला तो करता येत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा मास्तरांनी मुसळ उचलले. पहिला घाव माझ्या काठावर बसला आणि एक टवका उडाला. तो व्रण अजून आहे. दुसरा घाव सेरवाच्या बोटांना चाटून गेला. तिने शांतपणे मुसळ काढून घेतले.

"मास्तर, तुम्ही बसा."

"अगं, पण लोक..."

"लोकांची बोटं आत नाहीत, माझी आहेत. पुस्तकाची पानं उलटता ना? तसाच हा गोळा उलटा."

मास्तर बसले. गोळा त्यांनी खरोखर पानासारखा उलटला. हलक्या हाताने आणि अगदी वेळेवर. त्या दिवसापासून आमच्या घरात सेरवा कुटते आणि मास्तर फिरवतात.

गावाला हसायला विषय मिळाला. शेजारची दुफी भिंतीवरून मान उंच करून विचारी, "सेरवा गं, तुमच्या घरात नवरा कोण नि बायको कोण, ते तरी एकदा ठरवा!"

"ठरलंय की," सेरवा मुसळ न थांबवता म्हणे. "ज्याला जे पेलतं ते त्यानं धरायचं. तुझा नवरा काय धरतो गं? खाट?"

भिंतीपलीकडून खाट कुरकुरल्याचा आवाज येई आणि दोघी हसत.

आता मास्तरांचे एक सांगतो. ते फार लाजाळू. वर्गात बोलत ते पुस्तकातले. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. कुणी समोरून आले तर आधी वाट देत आणि मग नमस्कार करायचा राहिला म्हणून दिवसभर खंतावत. पण मित्रांनो, माझ्यापाशी ते बोलत. सेरवाची नजर मुसळावर असे आणि त्यांची गोळ्यावर. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसे. दोन घावांच्या मध्ये दोन-तीन शब्द मावत, तेवढेच ते बोलत. सकाळी काय वाचले, शाळेत कोण रडले, आपल्याला कशाची भीती वाटते. न्यार्को झाला तेव्हा आनंद झाला, हेही त्यांनी तिला माझ्यावर वाकूनच सांगितले. आणि प्रत्येक घावाला सेरवा म्हणे, "हं." तो 'हं' मुसळाच्या जोराचा असे आणि नवऱ्याच्या बोलण्याला दिलेला रुकारही तोच असे.

आमचा नाताळ असाच जाई. गावात शहरातली मुले येत, कर्णे वाजत, नवे कपडे मिरवत. आमच्या परसात मात्र एक कोंबडी, पामच्या फळांचा लाल रस्सा आणि मी. जेवणाआधी सेरवा मास्तरांचा फिरवणारा हात हातात घेई आणि एकेक बोट मोजी. "पाच. देवा, आभारी आहोत." एवढीच प्रार्थना. मग ते एकमेकांना म्हणत, "वर्ष जावो आणि फिरून आपल्याला भेटो." वर्ष जाई आणि खरेच फिरून भेटे.

पुढे दिवस पालटले. गावात कुटायचे यंत्र आले. माझ्या जातीची कितीतरी उखळे कोंबड्यांची पाण्याची भांडी झाली, काही चुलीत गेली. वाळवंटाकडून येणारा हरमटानचा कोरडा वारा माणसांचे ओठ फोडतो, तशी त्याने माझी कडही फोडली. मास्तर माझ्याभोवती ओले पोते गुंडाळत. चीर तेवढ्यावर थांबली. लाकूड एकटे पडले की चिरते. ओल राखणारे कुणी असले तर टिकते.

आणि मग ते पत्र आले.

मास्तरांना उत्तर लिहायचे नव्हते असे नाही. त्यांना 'नाही' लिहायचे होते. तेच येत नव्हते. पोराने प्रेमाने बोलावले, त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. सेरवाचा खांदा खरेच दुखत होता. मास्तर पाटावर कागद घेऊन बसत, पेन उघडत, पुन्हा मिटत. तिला पत्राबद्दल सांगावे, तर ती 'जाऊ या' म्हणेल की काय, ही भीती. ती तसे म्हणाली तर आपण बोलणार कुठे? हे सगळे मी पोटात ठेवून होतो.

नाताळच्या आदल्या दिवशी, चुलीवर कसावा शिजत असताना, दारात गाडी थांबली. धुळीने लाल झालेला चालक उतरला. हातात एक चकचकीत पुडा.

"मी यामोआ. न्यार्कोसाहेबांनी पाठवलंय. मामे, मास्तर, चला, तयार आहात ना?"

"कुठं चला?" सेरवाने विचारले.

"अक्राला. साहेब म्हणाले, पत्राला पापांचं उत्तर नाही आलं, म्हणजे होकारच."

"कसलं उत्तर? कसल्या पत्राचं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. तेवढे पुरे होते. सेरवाने मला दोन्ही हातांनी उलटे केले. अंधाऱ्या खोलीचे छप्परच उडाले! तिने पत्र उचलले आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचले. 'चुलीत' शब्दापाशी तिचा आवाज खाली गेला नाही, वर गेला.

"चुलीत! आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"लिहायला... सुरुवात केलीय."

"कुठवर आलंय?"

"'प्रिय न्यार्को' इथवर."

भिंतीवरून दुफीची मान वर आली होतीच. "जा गं सेरवा! हॉटेलात आयतं मिळतं. मास्तरांना तिथं वाचायला जेवणाची यादीसुद्धा देतात म्हणे."

"तू जा," सेरवा म्हणाली. "तुझी खाटही घेऊन जा." मग ती यामोआकडे वळली. "तुला भूक लागलीय ना? बस. मास्तर, तुम्हीही बसा. कसावा शिजला."

"मामे, उशीर होईल. ही भुकटी आणलीय, पाणी गरम असलं तर आत्ता..."

"पुडा तिथं ठेव. मी अजून मेले नाही."

तिने मुसळ उचलले. मित्रांनो, तुमच्याकडे म्हणतात ना, उखळात डोके घातल्यावर मुसळाला काय भ्यायचे? मास्तर तर रोज हात घालत आले होते. त्यांनी बोटे पाण्यात बुडवली. पहिला घाव पडला आणि माझे सगळे अंग जागे झाले. चीर असू दे, टवका असू दे, मी घुमलो. गावातल्या यंत्राला ऐकू जाईल असा घुमलो.

पण थोड्याच वेळात मुसळ डगमगले. वर जाताना थरथरले आणि खाली येताना तिरपे आले. मास्तरांनी हात वेळेवर काढला, पण सगळ्यांनी पाहिले. यामोआ उठला. "मामे, द्या इकडे. मी जन्मभर कुटलंय."

मास्तरांनी हात मांडीवर घेतला.

"नाही," ते म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तेही दचकले असावेत.

"अहो मास्तर, मला येतं."

"तुला येत असेल, बाळा. माझा हात तुला ओळखत नाही."

सेरवाने मुसळावर हनुवटी टेकून श्वास घेतला. मग मुसळ पुन्हा वर गेले, आणि मास्तर गोळ्याकडे पाहत बोलू लागले.

"न्यार्को, आम्ही..."

"हं."

"येत नाही."

"हं!"

"हे घर... आमचं हॉटेल."

"हं."

"उखळ चुलीत... जाणार नाही. गेलं तर... आधी मी."

"तुम्ही कशाला? पुढं!"

"तुझी आई दमते. हे मात्र... खरंय."

मुसळ वरच थांबले. सेरवाने पहिल्यांदाच नजर खाली वळवली आणि मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले. मास्तरांनीही वर पाहिले. मग ते म्हणाले, "भुकटी पाठवू नकोस. खांदा पाठव."

मुसळ पडले. असा घाव माझ्यावर कधी बसला नव्हता, आणि मी फुटलो नाही.

"पुढच्या नाताळला तू ये. मुसळ धर. तुझ्या मुसळाखाली हात ठेवायला मी भीत नाही."

सेरवाने मुसळ भिंतीला टेकवले आणि डोळे पदराने नव्हे, मनगटाने पुसले, कारण मुसळावरचा फुफू हाताला लागला होता. "आता हेच लिहा," ती म्हणाली. "एक शब्द कमी नको."

मास्तरांनी हात धुवायची वाट पाहिली नाही. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद. कोपऱ्यात अंगठ्याचा चिकट ठसा उमटला, तो त्यांनी पुसला नाही.

मग सगळे जेवले. यामोआने दोन गोळे गिळले आणि पट्टा सैल केला. "मामे, हॉटेलात असं मिळत नाही, पण हे मी साहेबांना सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"मग सांगू नकोस. पत्र सांगेल."

जेवणाआधी तिने बोटे मोजली होती. पाच. भुकटीचा पुडा दुफी मागून घेऊन गेली. तिने त्याची खळ केली आणि दारावर कागदी फुले चिकटवली. फुले छान चिकटली, हे मी मान्य करतो.

मित्रांनो, एवढेच माझे सांगणे. कदाचित नीट सांगता आले नसेल. तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जड, जुने, जागा अडवणारे काही असेल. ते चुलीत घालण्याआधी एकदा पाहा, त्याच्याभोवती कोण कोण बसते आणि काय काय बोलते. त्याला ओल द्या, तेल द्या. आणि त्यातले काम एकट्याला जड झाले, तर वस्तू बदलू नका. हात लावा.

निघताना यामोआ म्हणाला, "द्या ते पत्र, मास्तर. आज रात्री साहेबांच्या हातात देतो."

"नाही," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा तो शब्द सोपा गेला. "तुझ्या हाती दिलं तर तो निरोप. निरोप फिरवता येतो. टपालात पडलं की ते उत्तर."

टपालाची लाल पेटी रस्त्यापलीकडे, आमच्या परसातून दिसते. मास्तर धुळीतून चालत गेले. पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थांबला. तोच हात, जो आयुष्यभर घावाच्या आधी बाहेर येत आला होता. मी उताणा होतो, सगळे पाहत होतो. या वेळी हात आत गेला, पत्र सोडले आणि मगच बाहेर आला. पेटीचे झाकण खणकन पडले.

दारात उभी असलेली सेरवा म्हणाली, "हं."