डोक्यावरची खुर्ची

पैज लागली सलूनच्या पायरीवर, आणि लावली टेलरताईनेच, कारण गप्प बसणं तिच्या रक्तात नाही.

"अकादमीत जाणार म्हणे! धोरण शिकायला!" सलूनवाला म्हणाला. गल्ली त्याला रेडिओ म्हणायची. बंद करायचं बटणच नव्हतं त्याला. "ताई, आठवड्याने तुम्ही शिकून याल, पण बसथांब्यावरचा बाक काही यायचा नाही."

"आणि आला तर?"

"तर ही मिशी उतरवतो. इथंच, रस्त्यात! नाही आला, तर घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन थांब्यापर्यंत जायचं. भर बाजारातून."

"लागली पैज!"

बाकीचे खिदळले, पण ताईच्या ते जिव्हारी लागलेलं होतं. थांब्यावरचा बाक गायब झाल्यापासून तिच्या बाबांनी घर सोडलं नव्हतं. गुडघे उभं राहू देईनात, आणि वेळेवर येईल ती बस कसली! तळ्याकाठचा त्यांचा बुद्धिबळाचा अड्डा सुटला. आता दिवसभर खिडकीत बसून मशीनकडे बघत म्हणायचे, "टाका मोठा पडतोय गं."

अकादमी भरली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. सरकारी धोरणं कशी ठरतात ते साध्या माणसांनाही कळावं, म्हणून फुकट. पहिला नियम : हुद्दा दाराबाहेर. छातीवर फक्त आपण निवडलेलं टोपणनाव. ताईने लिहिलं 'टाचणी'. शेजारच्या टकल्या गृहस्थाने लिहिलं 'निवांत'.

ताईने लगेच हात वर केला. "थांब्यावरचा बाक कोण काढतं?"

"छान प्रश्न!" शिकवणाऱ्या मॅडम खुलल्या. "तो पार्किंगमध्ये ठेवूया."

पार्किंग म्हणजे भिंतीवरचा मोठा कागद. अडचणीचा प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, तिथं चिकटवायचा आणि पुढे सरकायचं. दुसऱ्या दिवशी ताईने तेच विचारलं. पार्किंग! त्यानंतर पुन्हा. पुन्हा पार्किंग! थांब्यावर माणसाला टेकायला जागा नाही, आणि इथं प्रश्न कसे ऐसपैस बसलेले.

"यांना नुसतं उसवता येतं, शिवायचं नाव नाही," घरी येऊन ती करवादली. बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. आता ते टाक्यालासुद्धा नावं ठेवत नव्हते. तेच तिला सहन होईना.

शेवटच्या दिवशी नाटुकलं ठरलं. ताई साहेब, निवांत म्हातारा. तो वाकून म्हणाला, "साहेब, थांब्यावर बाक द्या हो."

ताईचा साठलेला राग उसळला. खुर्चीत रेलून ती म्हणाली, "आजोबा, हे आमच्याकडे येत नाही. पलीकडच्या टेबलाला विचारा. टेबलवाले जेवायला गेलेत. आणि टवाळखोर बसतात अशी तक्रार होती. तुम्ही टवाळखोर नाही कशावरून?"

सगळे पोट धरून हसले. निवांत तेवढा कानापर्यंत लाल झाला.

चहाच्या वेळी तो जवळ आला. "टाचणीबाई, ती माझीच वाक्यं होती. थांब्यांचं खातं माझ्याकडे आहे. बाक मीच काढायला लावला."

ताईचा कप कलंडला. "आणि आठवडाभर मांडीला मांडी लावून बसलात, तोंडातून अवाक्षर नाही?"

"हुद्दा बाहेर ठेवायचा होता ना."

"बरं, आता तरी लावा!"

"मागच्या आठवड्यात भेटला असतात तर एका फोनवर लावला असता हो. पण आता शिकलोय ना. आधी गरजेची पाहणी, मग लोकांशी चर्चा, मग प्रायोगिक बाक. घाईत काढला ही चूक झाली. घाईत लावून तीच पुन्हा कशी करू?"

अगदी मनापासून बोलत होता मेला! लबाड असता तर ताईला निदान भांडता तरी आलं असतं.

मग काय, सुट्टीच्या सकाळी भर बाजारातून खुर्ची निघाली. पुढे रेडिओ, कंगवा तोंडाशी धरून. "बाजूला व्हा, धोरण येतंय!" भाजीवाल्या टाळ्या पिटत होत्या. ताईच्या मागे काठी टेकत बाबा. "माझी खुर्ची आहे, मी येणार," म्हणून हटूनच बसले होते.

थांब्यावर ताईने खुर्ची धाडकन आदळली. बाबा त्यावर टेकले.

"बाबा, निघालात कुठं?" रेडिओने विचारलं.

"तळ्यावर. डाव अर्धा राहिलाय."

बस आली ती नेहमीसारखी उशिरानेच. बाबा सावकाश चढले. ड्रायव्हर ओरडला, "खुर्ची चढवायची नाही हां!"

"नाही चढवत," ताई म्हणाली. "ती इथंच राहणार. परतताना लागेल त्यांना."

रेडिओने मिशीवर हात फिरवला. "आणि कुणी उचलून नेली तर?"

ताईने पिशवीतून कापडाची जाड पट्टी काढली, खुर्चीचा पाय खांबाला करकचून बांधला, आणि दात-ओठ खात त्यावर आणखी एक गाठ मारली.