चार बोटं

आमच्याकडे वृद्धाश्रमात जाताना माणूस आपलं सामान घेऊन जातो. पलंग तेवढा तिथला. टेबल, दिवे, पडदे ज्याचे त्याचे. माझ्या वडिलांनी, म्हणजे प्रेबेन होयरूप यांनी, फर्निचर म्हणून दोनच वस्तू नेल्या. एक त्यांचा सागवानी सोफा आणि दुसरी आईची स्वयंपाकघरातली निळी खुर्ची.

सोफा त्यांनी तरुणपणी स्वतःच रेखाटलेला. लांब, बुटका, पाठीला बारीक सागवानी गज. सोफा खोलीच्या मधोमध ठेवावा आणि मागूनही तो पुढच्याइतकाच देखणा दिसावा, असं बाबांचं म्हणणं. तो भिंतीला टेकवणाऱ्याशी ते पुन्हा बोलत नसत. माझ्या सासूशी असेच बोलेनासे झाले, त्याबद्दल मात्र मी त्यांची ऋणी आहे.

त्या बुटकेपणावरच फर्निचर रेखाटणारा म्हणून त्यांचं नाव झालं. अर्थात आमच्या स्वेनबोर्ग गावात असं कोणी तोंडावर म्हणत नाही. जरा कोणी स्वतःला शहाणा समजायला लागला की लोक त्याला लगेच जमिनीवर आणतात. बाबा आधीपासूनच जमिनीजवळ बसत होते.

मग आईचे गुडघे गेले.

"प्रेबेन, पायांखाली चार बोटं लाकूड घाल रे. एकदा बसले की उठताच येत नाही मला."

"मग तो सोफा राहणार नाही, अग्नेटे. बाकडं होईल."

"होऊ दे की बाकडं. शोभेल मला."

"अगं, सोफ्याची सगळी रेषा मोडेल, घडणच बिघडेल."

रेषेपुढे आईचं काही चाललं नाही. शेवटची सहा वर्षं ती सोफ्याशेजारी निळी खुर्ची ओढून बसली. बाबा खाली, ती वर. मी त्यांना हे कधीच माफ केलं नाही. बोलूनही दाखवलं नाही, कारण आमच्याकडे तेही सहसा करत नाहीत.

वृद्धाश्रमात पहिल्याच दिवशी गिट्टे आली. कोणाला काय झेपतं ते बघणं हे तिचं काम. राजघराणं सोडलं तर आम्ही सगळ्यांनाच अरे-तुरे करतो, तेव्हा तिनेही आडपडदा ठेवला नाही.

"तुम्हाला उचलणाऱ्या इथल्या मुलींच्या कंबरा मला शाबूत हव्यात. ज्यावरून तू स्वतः उठशील, तेच या खोलीत राहील. चल, उठून दाखव."

बाबांनी जोर लावला. पुन्हा लावला. सोफ्याचे हात त्यांनी दिसायला नाजूक केले होते, धरायला नव्हे. शेवटी मी आणि गिट्टेने त्यांना ओढून काढलं.

"पायांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे लावू," गिट्टे म्हणाली. "नाहीतर सोफा लेकीकडे."

तिने दाखवलेला ठोकळा काळा होता, चार बोटं उंच. बाबांनी तो हातातही घेतला नाही.

"लोनेकडे जाऊ दे," ते म्हणाले.

"माझ्याकडे जागा नाही," मी म्हटलं. जागा भरपूर होती.

गिट्टेने आठवडाभराची मुदत दिली. तेवढे दिवस बाबा निळ्या खुर्चीवर बसून रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि किटलीतून कॉफी ओतली. कप माझ्या हातात द्यायला त्यांना खुर्चीतून कमरेत वाकावं लागलं. अर्धी कॉफी बशीत सांडली. ते कळवळले आणि तसेच वाकलेले राहिले.

"ती रोज अशी वाकायची?"

"रोज. आणि तिची सांडत नसे."

बाबा सावकाश सरळ झाले. मग म्हणाले, "गिट्टेला बोलाव. ठोकळे घेऊन ये म्हणावं."

बाबांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला आमच्या रिवाजाप्रमाणे दारात झेंडा लागला, केक आला आणि एका संग्रहालयाचा तरुण फोटोग्राफर आला. सोफा बघून त्याचा चेहरा पडला.

"फोटोपुरते ठोकळे काढू या का? दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर रेषा..."

"रेषा गेली खड्ड्यात," बाबा म्हणाले.

"पण फोटोत ते काळे दिसतील ना."

"दिसू देत. ते माझ्या बायकोने सुचवले आहेत. मला ऐकायला उशीर झाला."

फोटोग्राफर बिचारा हसू की नको अशा चेहऱ्याने उभा होता. बाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि हात मिळवायला म्हणून ते उठले. कोणाचाही आधार न घेता, एका दमात.

मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला. इतक्या उंचीवरून आईसुद्धा उठली असती.