मीठबांधची वेस

माझ्या उजव्या कडेला, पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यात, एक तपकिरी वर्तुळ आहे. नखापेक्षा लहान, मध्ये गडद, कडेला फिकट होत गेलेलं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ते जरासं पसरतं, उन्हाळ्यात थांबतं. लोखंड, ओलावा आणि हवा एका जागी फार काळ एकत्र राहिले की असा गंज उतरतो. मित्रांनो, त्या जागी काय उभं आहे हे सांगायचं, तर मला माझी सगळी हकीकत सांगायला हवी.

मी प्लायवुडचा उरलेला तुकडा. सानपाड्याच्या एका सोसायटीत वेणूबाईंच्या स्वयंपाकघरातलं कपाट तयार झालं आणि मी शिल्लक राहिलो. सुतार मला भंगारात टाकणार होता. पण वेणूबाईंची मुलगी सुनयना, जी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तिनं मला घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर एक गाव रंगवलं. त्याचं नाव मीठबांध.

तो एक खेळ होता. सुनयना गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. संकट आलं की काय करायचं ते आपसात ठरवायचे आणि फासा टाकायचे. खेळणारे तिघे. सुनयनाचा धाकटा भाऊ इंद्रजित, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. त्याचा मित्र मुस्तफा, महाप्याला नोकरी करणारा, मूळचा उरणकडचा. आणि मुस्तफाची बायको झेबा. रविवारी दुपारी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं जाई.

मीठबांधच्या भोवती गिळगे राहायचे. गोगलगाईसारख्या मऊ अंगाचे, बैलाएवढे, अंधार पडला की निघणारे. इंद्रजितला पहिल्याच दिवशी तलवार हवी होती. सुनयना शांतपणे म्हणाली, की आधी ते खातात काय ते शोधा, आणि तुमची विहीर कुठे आहे ते दाखवा. त्यावर तो कुरकुरला, "ताई, प्रॅक्टिकल घेतेस का आमचं?"

पण गाव वाचलं ते त्या प्रश्नांमुळेच. मऊ अंगाला मीठ सोसत नाही, हे झेबाच्या ध्यानात आलं. मग मुस्तफानं आपल्या आजोबांच्या खारजमिनीची आठवण काढली. तिथं बांधात एक लाकडी झडप असे. ती खाडीचं पाणी हवं तेव्हा आत घेई, नको तेव्हा अडवी. तशीच झडप मीठबांधला बसली आणि गावाभोवती मिठागरांचं कडं तयार झालं. मिठागरातून एकच वाट, वाटेच्या टोकाला वेस. वेशीचं दार म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या, दोऱ्यानं बांधलेल्या. ते लावायचं काम मुस्तफाचं. दिव्याचं तेल आणि तिन्हीसांजेला मुलं घरात आली की नाही हे पाहणं झेबाकडे. मीठ गोळा करायला बाहेर जायचं ते इंद्रजितनं. त्याची सोंगटी म्हणजे बाजारातून आणलेला एक बोल्ट, डोक्यावर उभा केलेला.

चहा ठेवायला आलेल्या वेणूबाई विचारत, आज कुणाला गिळलं का रं? एकदा त्यांनी आपल्यालाही त्या गावात एक घर मागितलं. तेव्हापासून विहिरीजवळच्या घरात एक चिंचोका ठेवलेला आहे. तो म्हणजे वेणूबाई.

शेजारचं एक गाव मात्र गिळग्यांनी संपवलं. मागे राहिलेल्या एका गाडीवानासाठी त्यांनी अंधार पडल्यावरही वेस उघडी ठेवली, आणि सकाळी तिथं कुणीच नव्हतं. त्या दिवशी इंद्रजितनं नियम केला. "सूर्य मावळला की दार लागलं. बाहेर कोणी पण असू दे, मी असलो तरी."

"तू तर कायमचा लेट लतीफ," मुस्तफा म्हणाला. "तूच पहिला मरनार."

सगळे हसले. सूर्य मावळला हे फक्त सुनयनानं सांगायचं, असंही तेव्हाच ठरलं.

त्यांची आणखी एक रीत होती. कुणी रविवारी येऊ शकला नाही, तर त्याची सोंगटी गावाबाहेर ठेवायची. कामाला गेलाय, असं समजायचं. त्याच्या वतीनं कुणी खेळायचं नाही. एका रविवारी इंद्रजितला ताप होता. तो आतल्या खोलीत पडून होता. सुनयनानं त्याचा बोल्ट मिठागरात ठेवला. खेळ रंगला आणि सूर्य क्षितिजाला टेकला. पण तो बाहेर असताना दार कसं लावायचं? सुनयना म्हणाली, इथेच थांबू, पुढच्या रविवारी तो येईल.

तो ताप डेंग्यूचा होता. पुढच्या रविवारी इंद्रजित नव्हता.

मला तसंच उचलून कपाटावर आडवं ठेवलं गेलं. एकही सोंगटी हलली नाही. किती पावसाळे गेले. वेस उघडी, सूर्य टेकलेला, आणि मिठागरात तो बोल्ट. सुनयना स्टुलावर चढून मऊ ब्रशनं माझी धूळ झाडते. घरांवरची, विहिरीवरची. बोल्टच्या भोवतीनं ब्रश फिरवते, त्याला लागू देत नाही. मुस्तफा आणि झेबा ईदला शीरखुर्मा घेऊन येतात, दिवाळीला फराळाला येतात; कपाटाकडे कुणी बघत नाही. सुनयनाच्या बदलीची, तिच्या लग्नाची, कुठलीही गोष्ट निघाली की ती म्हणते, बघू.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं काहीतरी कपाटावर ठेवलेलं असेल. त्याची धूळ जरूर झाडा. पण त्यातल्या एका सोंगटीकडे बघताना बाकीच्यांना विसरू नका, एवढीच या लाकडाची विनंती आहे.

आता आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत. घर रिकामं करायचं आहे. आज खोके बांधायला मुस्तफा आणि झेबा आले. मला खाली उतरवलं गेलं आणि कितीतरी वर्षांनी मी टेबलावर आलो. टेम्पोत सोंगट्या जागेवर राहणार नाहीत, हे सगळ्यांनाच दिसत होतं. मुस्तफा म्हणाला की फोटो काढून ठेवू, नव्या घरी तशाच मांडू. सुनयनानं मान हलवली आणि फोन हातात घेतला. फोटो मात्र काढला नाही.

झेबा बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, आत पण माणसं आहेत."

वेणूबाई पुढे आल्या. चष्मा सरळ करून त्यांनी विहिरीजवळ बोट नेलं.

"माझा चिंचोका आतच हाय न्हवं?"

"हो आई."

"आन् दार उघडंच ऱ्हायलंय इतकी वर्सं."

सुनयना खुर्चीवर बसली. मिठागरातल्या बोल्टवर तिनं एक बोट टेकवलं, पण उचलला नाही. मुस्तफानं वेशीजवळ हात आणला.

"तू बोल ताई. तू बोलल्याशिवाय मी दाराला हात नाय लावनार."

तिनं बोट काढून घेतलं. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सूर्य मावळला," सुनयना म्हणाली. "दार लाव, मुस्तफा."