दिवेवाल्याची एक चौकट

२ नोव्हेंबर १९५१, पुएब्ला. सकाळी गारठा, आभाळ निरभ्र, वारा नाही.

मी एक दहा सेकंदांचं हलतं बोधचिन्ह. एका चित्रपट कंपनीच्या प्रत्येक सिनेमाआधी पडद्यावर येत असे. दोनशे चाळीस चित्रं, तितक्याच चौकटी. पाठमोरा दिवेवाला येतो, रस्त्यावरचा दिवा पेटवतो, वळून टोपी काढतो. मग सिनेमा सुरू.

चित्रकाराने मला फिदेन्सियोवरून काढलं. तो खराच दिवेवाला होता. फोटोला मात्र कधी उभा राहिला नाही. तो वारला आणि त्याचा चेहरा माझ्याखेरीज कुठेच उरला नाही. त्याची बायको एर्मेलिंदा दर गुरुवारी दुपारच्या खेळाला येई, सातव्या रांगेत बसे, मला बघे आणि सिनेमा सुरू झाला की उठून जाई.

चित्रकाराने त्याची नजर सरळ समोर काढली होती. गुरुवारी मात्र ती सातव्या रांगेकडे वळे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कंपनी विकली गेली. नव्या मालकाचा हुकूम आला, जुनं चिन्ह कापून टाका. इथल्या थिएटरात मशीन चालवणाऱ्या अबुंदियोने मला कापलं. काल सिनेमा एकदम मधूनच सुरू झाल्यासारखा झाला. लोकांनी मशीनवाल्याच्या, म्हणजे काकारोच्या, नावाने नेहमीचा शिमगा केला. “ए काकारो! बायकोने हाकललं म्हणून इथं झोपतोस काय?”

एर्मेलिंदा जिना चढून वर मशीनच्या खोलीत आली.

“माझा माणूस कुठाय?”

“डब्यात, बाई. परवा जाळायला द्यायचाय.”

“उद्या गेलेली माणसं जेवायला येतात. तीन वर्षं त्याच्या पानामागे ठेवायला चेहरा नाही. एक चौकट दे.”

त्याने टोपी काढलेली चौकट कापून दिली. “मेणबत्तीपासून लांब ठेवा हं. नुसती बंदुकीची दारू आहे ही.”

“एवढी बावळट वाटते होय रे मी?”

पण चौकट नखाएवढी. चेहरा दिसेना. आज दुपारी घरी तिने त्याचं पान वाढलं, पडदे ओढले आणि चौकट मेणबत्तीपुढे धरली. फिदेन्सियो भिंतीवर उतरला, धूसर, माणसाएवढा. एका चौकटीत हालचाल नसते. मला ठाऊक आहे, मी चौकटींचाच बनलोय. तरी त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि जायला वळला.

“थांबा,” ती म्हणाली. “जेवून जा.”

चौकट भप्पकन पेटली.

मला जाळायचं तर जाळा. आधी एकदा उजेडात धरून बघा, एवढंच मागणं.

संध्याकाळी अबुंदियोने डबा उघडून बघितलं. चौकटी दोनशे एकोणचाळीस. प्रत्येकीत रस्ता आहे, पेटलेला दिवा आहे. दिवेवाला एकीतही नाही. एर्मेलिंदाची तीन बोटं भाजली. पान रिकामं होतं.