चार टायरांचा चौरंग

मी हिवाळी टायर. माप एकशे पासष्ट, पासष्ट, चौदा. एवढंसं माप ऐकून हसू नका. ज्या पोपटी गाडीचा मी पुढचा डावा टायर आहे, तिच्यात चार माणसं गुडघे पोटाशी घेऊनच बसतात. तिला याहून मोठा टायर लावला तर ती पडेल तरी, नाहीतर रुसेल तरी.

माझ्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी कोरलेली आहे. ही आमच्या घराण्याची खूण. थंडी सात डिग्रीच्या खाली गेली की उन्हाळी टायर कडक पडतात आणि घसरतात. आम्ही मऊ राहतो. स्वभावच तसा आहे.

माझा जन्म दोन हजार वीस सालच्या नवव्या आठवड्यातला. ही तारीख आमच्या अंगावरच छापलेली असते, त्यामुळे वय चोरायची सोय नाही. मी जन्मलो आणि जग बंद पडलं. कोणी कुठे जाईना, टायर झिजेनात. पाच महिने मी आणि माझी तीन भावंडं एका गॅरेजच्या फळीवर पडून होतो.

मग ऐन जुलैत उल्हास आला. बाहेर माणसं आइस्क्रीम चाटत होती आणि हा हिवाळी टायर मागत होता. प्लास्टिकच्या पडद्याआडच्या विक्रेत्याने दोनदा विचारलं, "हिवाळी? आत्ता?"

उल्हास आयटीतला माणूस. तीन आठवडे त्याने अकरा रकान्यांचा तक्ता केला होता. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज, पेट्रोल किती खातो, सगळं. शेवटी मी आणि एक बारमाही टायर असे दोघेच उरलो. बारमाही म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणारा, कोणाच्याच उपयोगी न पडणारा. माझं हे मत जरा एकतर्फी असेल.

मास्कमुळे उल्हासचा चष्मा सारखा धुरकट होत होता. त्याने माझी जन्मतारीख वाचली, खाचांत बोट घातलं, मागून-पुढून पाहिलं आणि घरी बायकोला फोन लावला. "ज्ञानदा, ठरलं. लोखंडी रिमांसकट आहेत. डिसेंबरात जर्मनीला जाऊ. तिथे थंडीत हे लागतातच."

विक्रेता म्हणाला, "हवं तर हिवाळ्यापर्यंत आमच्या टायर-हॉटेलात ठेवा." या डच मुलखात गॅरेजवाले बिनहंगामाचे टायर असे सांभाळतात. उल्हासने संध्याकाळी मिरजेला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ही गंमत सांगितली.

"टायर हॉटेलात?" जयंतीबाई म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षी आम्ही आलो तर आम्हाला सोफ्यावर झोपवलंत!"

झालं. आम्ही हॉटेलात न जाता झूटरमेर गावातल्या उल्हास-ज्ञानदाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आलो. आडवे, एकावर एक. मी सर्वांत वर.

ऑगस्टात गणपती आले. दरवर्षी इथल्या मराठी मंडळाचा गणपती हॉलमध्ये बसायचा, त्या वर्षी हॉल बंद. ज्ञानदाने शाडूची वीतभर मूर्ती घरीच केली. पण बसवायची कशावर? चौरंगाचं पार्सल मुंबईतच अडकलं होतं. उल्हास वर आला, आमच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. माझ्यावर पाट ठेवला, वरून ज्ञानदाची जुनी इरकल सोडली, कडेने दिव्यांची माळ. दीड दिवस साक्षात बाप्पा माझ्या डोक्यावर! मोदकांचा वास, आरतीच्या टाळ्या. खाली असलेल्या भावंडांना काही दिसत नव्हतं, ती सारखी विचारायची, "काय चाललंय? काय चाललंय?" मी जरा भाव खाल्ला.

पण त्या दीड दिवसाने आमचं आयुष्य फिरलं. ऑक्टोबरात उल्हास आम्हाला न्यायला आला तर ज्ञानदा दारात उभी.

"यांना हात लावू नकोस. यांच्यावर बाप्पा बसलेत. आता यांनी चिखल तुडवायचा?"

"अगं, पण ते टायर आहेत."

"होते."

डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं, जर्मनी राहिली, वाद मिटला. मी मात्र रोज कण्हायचो. टायर म्हणून जन्मलो आणि रस्ता पाहिला नाही!

जानेवारीत ज्ञानदाला डेल्फ्टच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. स्वयंपाकघरात मदतनीस हवी होती. "सोमवारी, आठ फेब्रुवारीला, सकाळी सातला या. एक दिवस काम बघू, मग ठरवू." नवऱ्यामागे या देशात आल्याला तिला सहा वर्षं झाली होती. चाळीस ठिकाणी अर्ज केले होते. ड्रायव्हिंगची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाली होती. फोन ठेवल्यावर ती वर आली, माझ्यावर बसली आणि पाच मिनिटं नुसती हसत होती.

आणि रविवारी सकाळी बर्फ. असातसा नाही. वादळासकट. बस बंद, ट्राम बंद, रेल्वे बंद. उल्हासने उन्हाळी टायरांवर गाडी काढून पाहिली. ती इतक्या सावकाश घसरली, की शेजारच्या योप आजोबांना हातातला कॉफीचा कप खाली ठेवून "नको, नको, नको" म्हणायला वेळ मिळाला. मग ती त्यांच्या कुंपणात जाऊन टेकली.

ज्ञानदाने मिरजेला कॉल लावला. डोळ्यांत पाणी. "आई, उद्या नाही गेले तर दुसरीला घेतील. आणि टायर लावायचे तर त्यांच्यावर बाप्पा बसले होते."

"उत्तरपूजा केली होतीस ना?"

"केली होती."

"मग बाप्पा गेले गं! इथे ज्या पाटावर आपला गणपती बसतो, त्यावर दुसऱ्या आठवड्यात तुझे बाबा बसून दाढी करतात. तेव्हा नाही तू रडलीस ती."

ज्ञानदाने नाक पुसलं. "उल्हास, जॅक काढ."

डच घरांचे जिने म्हणजे शिडीला दिलेलं सभ्य नाव. उल्हास मला छातीशी धरून तीन पायऱ्या उतरला आणि त्याचा हात सुटला. बाकीच्या दहा मी एकट्याने उतरलो. खाली दार उघडंच होतं. मी चपला उडवल्या, अंगण ओलांडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फाला लागलो. काय सांगू! खाचाखाचांत गारवा. तसाच गडगडत थेट बर्फ उपसणाऱ्या योप आजोबांच्या फावड्यावर आणि तिथून पायांवर. वर्षभर सगळ्यांना दीड मीटर लांब ठेवणाऱ्या त्या माणसाच्या पायांना टेकणारा मी पहिलाच.

ते दोन पावलं मागे सरले. लांबूनच हुकूम सोडू लागले, "बोल्ट आधी सैल कर, मग उचल! टायरवरचा बाण पुढच्या दिशेने! पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळ!" दोन तासांत आम्ही चौघे चाकांच्या जागी होतो. माझ्या कडेला अजून हळद होती.

सोमवारी सहा वाजता आई फोनवर, "चाकाखाली लिंबू ठेव." घरात लिंबू नव्हतं. ज्ञानदाने किवी ठेवलं. मी ते चिरडलं आणि निघालो.

आम्ही सायकलींपेक्षा हळू गेलो. म्हणजे सायकली असत्या तर. दोनदा माझा पाय निसटला, दोनदा मी धरला. ज्ञानदा सबंध वाटभर अथर्वशीर्ष म्हणत होती आणि वळणावर चुकून तेच पुन्हा पहिल्यापासून. सातला पाच मिनिटं कमी असताना तिने वृद्धाश्रमाच्या दारात हॅन्डब्रेक ओढला. त्या दिवशी सहापैकी दोनच माणसं कामावर पोचली होती.

आता माझ्या अंगावर जेमतेम चार मिलिमीटर खाचा उरल्यात. पुढच्या हिवाळ्यात माझ्या जागी दुसरा कोणी येईल. तुमच्याकडे माझे भाईबंद असतील तर एवढंच करा, महिन्यातून एकदा हवा बघा आणि आम्हाला रस्त्यावर राहू द्या.

त्या सोमवारचं एक सांगायचं राहिलं. दुपारी तीनला ज्ञानदा बाहेर आली. आधी माझ्यापाशी वाकली, मला हात लावून तो कपाळाला लावला आणि गाडीत बसून मिरजेला व्हिडिओ कॉल केला.

"आई, उद्यापण बोलावलंय! रोजच बोलावलंय!"

"अगं बाई! आणि कपाळाला ते काळं काय फासलंयस?"

"टायर."

आई फोनच्या अगदी जवळ आल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे. पुसू नकोस. दृष्ट लागेल."