वाघीन कामावर आहे

"उंदीर उड्या मारतान न् ही बया निजलीय," पुतळाबाई तांदूळ पाखडता पाखडता माझ्या कानाशी पुटपुटल्या. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. पलीकडेच त्यांचे यजमान गोटीराम बसले होते, आणि त्यांच्यादेखत वाघीनला नावं ठेवणं म्हणजे घरच्या लेकीला नावं ठेवणं.

वाघीन म्हणजे मांजर. मी या घराची भाडेकरू, दुसऱ्या मजल्यावरची. आमची बिल्डिंग उभी आहे तीच मुळी गोटीरामांच्या शेतावर. कळंबोलीत आता लोखंड आणि ट्रक यांचंच पीक येतं. तरी बिल्डिंगमागे शेताचा एक पट्टा उरलाय. त्यात गोटीराम दरवर्षी भात लावतात आणि तळमजल्याच्या गाळ्यात साठवतात. एका बाजूला सलून, दुसऱ्या बाजूला मोबाइलवाला, मधे शेणाने सारवलेली, भाताने भरलेली कणगी.

तो पट्टा ट्रक पार्किंगला द्यायचा, असं मुलगा रूपेश म्हणत होता. गेल्या वर्षी अर्धं भात उंदरांनी फस्त केलं, तेव्हा त्याने बापाला अट घातली, यंदाही उंदरांच्याच पंगती उठणार असतील तर पट्टा ट्रकांना. म्हणून गोटीरामांनी वाघीनची नेमणूक केली. नियम त्यांच्या वडिलांच्या खळ्यावरचा. शेतावरच्या मांजरीला पोटभर घालायचं नाही. ताकात कालवून मूठभर भात द्यायचा, बाकीचं तिने कमवायचं.

नियम सगळ्यांना पटला. मग प्रत्येकाला आपापल्या जागी वाटलं की बिचारी उपाशी राहते, आपण एकट्याने थोडं घातलं तर काय बिघडतं. पुतळाबाई सुक्या बोंबलाची डोकी घालायच्या. सून निशिगंधा साय. सलूनवाला बिस्किटं. मी कोळंबी सोलायला बसले की सालं कमी आणि कोळंबीच जास्त खाली पडायची. वाघीन अशी गोल झाली की कणगीवर चढण्याआधी जरा विचार करायची, आणि विचार करूनच दमायची. बघा, कशी अंगाने भरलीय, उंदीर भरपूर मारत असनार, असं गोटीराम म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो. एकदा खुद्द त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून सुकटीचा वास आला. मी सर्दी झाल्यासारखं केलं.

रविवारी रूपेश कणगी बघायला आला. बरोबर पार्किंगचे शेठ, उदयसिंह. कणगीच्या बुडाला भोक होतं आणि त्यातून भात सांडत होतं. तेवढ्यात त्याच भोकातून एक उंदीर बाहेर आला, वाघीनसमोर बसला आणि मिशा साफ करू लागला. वाघीनने एक डोळा उघडला.

ती त्याला जवळ येऊ देतेय, असं गोटीराम म्हणाले. हा उंदीर आपल्यातला नसेल, मोबाइलवाल्याकडचा असेल, असं निशिगंधा म्हणाली. मांजरं रात्रपाळीत जास्त काम करतात, असं मी म्हणाले. उंदीर वाघीनच्या शेपटीला वळसा घालून सावकाश निघून गेला. उदयसिंह सभ्य माणूस, त्यांनी छताकडे बघितलं.

आणि वाघीन उठली. ती तडक रूपेशकडे गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने त्याच्या पँटच्या खिशात तोंड घातलं. खिशातून कागदाची पुडी पडली. पुडीत तळलेला बांगडा.

रूपेश कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी बांधावर जातो तेव्हा ही पण येऊन बसते, असं काहीतरी तो सांगू लागला.

"बांदावर कशाला जातोस?" गोटीरामांनी विचारलं.

"मापं घ्यायला."

"रोज?"

पट्ट्याचं माप तर उदयसिंहांनाही पाठ होतं. वाघीन बांगडा खात होती, काट्यासकट.

शेवटी पुतळाबाईंनी पदराला हात पुसले.

"ही मांजर काय उंदीर मारनार नाय, रूपेश," त्या म्हणाल्या. "न् तू पन काय शेत देनार नाय."