आधी कालचे

नवसाबाईच्या घरात ताजी भाकरी कोणी खाल्ल्याचं कोणाला आठवत नव्हतं. म्हणजे भाकरी रोज थापली जायची, चांगली टम्म फुगायची. पण टोपल्यात कालच्या उरलेल्या असायच्या. आधी त्या संपवायच्या. त्या संपेपर्यंत पोट भरायचं आणि आजच्या उद्यासाठी उरायच्या. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. एक दिवस त्या शिळ्या गाईपुढे टाकल्या असत्या तर दुसऱ्या दिवसापासून सगळं घर ताजं जेवलं असतं, पण तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

गंगापूर रोड संपून मळे सुरू होतात तिथे त्यांची चार एकर द्राक्षबाग होती. फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की बायका सावलीत बसून घड साफ करायच्या. कात्रीच्या टोकाने फुटका, बारका, डागी मणी कापायचा, तो खाली घमेल्यात पडायचा आणि घड पेटीत जायचा. घमेल्यातले मणी घरी. बागाईतदाराच्या घरी हीच रीत असते, त्यात नवल नाही. पण इतर घरांतली पोरं वेलीखाली लपून एखादा घड फस्त करतात, मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात, हंगामाचं सार्थक होतं. नवसाबाईच्या बागेत हे कधी घडलं नाही. मालाला हात लावायचा नाही, ती म्हणायची, घरच्याला काय, कसंबी चालतं.

हे वाक्य तिने द्राक्षांपुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण धड कप काचेच्या कपाटात आणि टवका उडालेले चहाला. नव्या चादरी ट्रंकेत, पाहुण्यांसाठी. त्या एके वर्षी उंदरांनी कुरतडल्या, तेव्हा तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पंखा आल्यागेल्यासाठी. नवसाबाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर कोणीतरी तिच्याशी भांडलं तरी असतं. उलट सगळ्यात जुनी भाकरी, सगळ्यात सडका मणी ती स्वतःच्या ताटात घ्यायची, त्यामुळे तिच्यासमोर बोलायला कोणाला तोंडच नसायचं.

सून शुभांगी घोटीकडची. लग्न होऊन आली तेव्हा काम करताना गाणी म्हणायची आणि हसली की ओसरीपर्यंत ऐकू यायचं. आठ वर्षांत ती न सांगता टवका उडालेला कप उचलायला शिकली. गाणं कधी बंद झालं ते तिच्या नवऱ्याला, रविराजला, सांगता आलं नसतं. आणि सासरा भिमाजी तर कधीचा विझला होता. कोणती भाजी करू विचारलं तर म्हणायचा, जे असंल ते. लोकांच्या घरी गेला तर खुर्ची सोडून पायरीवर बसायचा. कसं काय भिमाजी, म्हटलं की उत्तर ठरलेलं, चाललंय. लोक त्याला साधा, समाधानी माणूस म्हणत. समाधान कशाला म्हणतात हे त्या लोकांनाही माहीत नसावं.

दोन हजार तीनच्या संक्रांतीनंतर भिमाजीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी रविराजला बाजूला घेऊन सांगितलं की आता कापाकापी नको, घरी न्या, जे मागतील ते खाऊ द्या. रविराजने ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नवसाबाई पदर तोंडाला लावून रडली, खरंच रडली. मग डोळे पुसून ओसरीवर खाट टाकली आणि त्यावर जुनी गोधडी अंथरली. नवी ट्रंकेत होती. भेटायला माणसं येतील तेव्हा काढू, ती म्हणाली.

तीन दिवस भिमाजीने काही मागितलं नाही. मागायची सवयच मोडलेली. चौथ्या दिवशी सकाळी, समोर बाग लगडलेली दिसत होती, तेव्हा तो नवसाबाईला जवळ बोलावून म्हणाला, "अगं, मला एक अख्खा घड दे. हातात धरून, एकेक मणी तोडून खाईन म्हणतो. कधी खाल्लाच नाय."

चाळीस वर्षांत त्याने केलेली ही पहिली मागणी. नवसाबाईला गलबलून आलं. ती हो म्हणाली आणि आत जाऊन तिने आदल्या दिवशीचे मणी वाडग्यात काढले, तीन पाण्यांनी धुतले, फुटलेला भाग नखाने काढून टाकला. इतक्या मायेने तिने आयुष्यात काही निवडलं नसेल. वाडगं त्याच्यापुढे ठेवलं. भिमाजीने वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोन मणी खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने शुभांगीला सांगितलं. ती तडक बागेत गेली, घड कापला आणि घेऊन आली. नवसाबाई दारात उभी होती. तिने तो हातात घेतला, उजेडात फिरवून बघितला. परदेशी जाणारा माल, एकेक मणी सारख्या मापाचा, कुठे डाग नाही. तिची बोटं आपोआप ओसरीवरच्या पेटीकडे वळली.

"आत्याबाई, शेवटचं मागतायत," शुभांगी म्हणाली. आठ वर्षांत ती सासूला पहिल्यांदा आडवी गेली होती.

"मग मी काय नाय म्हणते? उद्या काढणी झाली की सगळ्यात चांगला घड बाजूला काढते. घरच्यालाच द्यायचाय, घाई कशाला."

आणि नवसाबाईने शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. गुरुवारी काढणी झाली. शेकडो घड तिच्या हाताखालून गेले आणि त्यातला एक तिने खरोखरच वेगळा ठेवला. त्याच्यासारखा दुसरा त्या हंगामात नव्हता. तो घेऊन ती खाटेपाशी आली आणि भिमाजीच्या डोळ्यांपुढे धरला. भिमाजी उठून बसला. त्याने दोन्ही हात पुढे केले. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू शुभांगीने कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, चला, झालं एकदाचं.

तेवढ्यात नवसाबाईची नजर खाटेखालच्या वाडग्यावर गेली. ते तिने काल पुन्हा भरून ठेवलं होतं. अर्धं वाडगं मणी तसेच होते.

"हे काय, कालचे तसेच हायत की," ती म्हणाली. "आधी कालचे संपवा. मग घड हायेच की तुमचा."

घड तिने समोरच्या कोनाड्यात ठेवला, त्याला दिसेल असा. रविराज बाहेर पेट्या भरून घेत होता. शुभांगी कालच एकदा बोलली होती, तेवढंच बळ तिच्यात होतं. भिमाजीने वाडगं मांडीवर घेतलं आणि कोनाड्याकडे बघत एकेक मणी तोंडात टाकू लागला. गिळताना दुखायचं. थांबायचा, पाणी प्यायचा, पुन्हा एक घ्यायचा. शाळेतल्या पोराने शिक्षा पुरी करावी तसा तो दुपारभर खात राहिला. मध्ये छोटी नात आरोही येऊन विचारून गेली, आजोबा किती राहिले? त्याने मोजून सांगितलं, नऊ.

चहाच्या वेळेला नवसाबाई कप घेऊन आली तेव्हा वाडग्यात चार मणी उरले होते आणि भिमाजी गेला होता.

घड तिने फ्रिजमध्ये ठेवला. कोणी त्याला हात लावला नाही, लावायची हिंमत नव्हती. दहाव्याला सगळे जवळच्या नदीवर, गंगेच्या घाटावर, गेले. गुरुजींनी पिंड मांडले, आणि शुभांगीने घरून आणलेला तो घड न विचारता शेजारी पानावर ठेवला. आता त्यांना मिळंल, एवढंच नवसाबाईला वाटत होतं, आणि ते मिळालं की आपण सुटू, असंही.

कावळे झाडावर होते, पण खाली एक उतरेना. रविराजने हात जोडून सांगितलं की आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. बाग विकणार नाही म्हणाला, आरोहीला शिकवीन म्हणाला. ऊन चढलं. भावकी कुजबुजायला लागली की म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. नवसाबाई घडाकडे बघत बसली होती. दहा दिवसांत दोन मणी देठापाशी चिरले होते. तिचा हात पुढे झाला, नखाने ते दोन मणी खुडले आणि पानाच्या कडेला बाजूला टाकले. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ती मागे सरकली आणि कावळा खाली आला. पिंडाकडे त्याने पाहिलं नाही. घडाला वळसा घातला, कडेला पडलेला एक चिरका मणी उचलला, गिळला, दुसरा उचलला आणि उडाला.

शिवला, शिवला, असं म्हणत सगळ्यांनी हात जोडले. गुरुजी म्हणाले, आत्मा तृप्त झाला. रविराज आईजवळ बसला आणि म्हणाला, "आई, दादांना पाहिजे होतं ते मिळालं बघ."

नवसाबाईने मान हलवली. तिला एकटीला कळलं होतं. तिने त्याला इतकं पक्कं शिकवलं होतं की मेल्यावरही तो चांगल्याला हात लावायला धजला नाही. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण माणसं समाधानाने उठून चपला शोधत होती.

ती उठली आणि तिने वळून बघितलं. घाटावरची एक मोकाट गाय पानापाशी आली होती. गाईने तो घड निवडला नाही, फिरवला नाही, डाग आहे का बघितलं नाही. देठासकट तोंडात घेतला आणि चावत उभी राहिली. आरोहीने आजीचा पदर ओढून विचारलं की आता आपल्याला घरी खायला काय. नवसाबाईच्या तोंडून निघून गेलं, "कालची भाकरी हाय की."

शुभांगी पुढे आली आणि तिने पोरीचा हात आजीच्या पदरातून सोडवून घेतला.